निळ्याच्या पुढे, काळ्याच्या अलीकडे

आल्प्समधल्या दुकानातून स्की भाड्याने घ्यायच्या तर एक फॉर्म भरावा लागतो. हल्ली तो घरबसल्या, आगाऊच भरता येतो. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि शेवटी एक प्रश्न : तुम्ही कोणत्या प्रकारचे स्कीअर आहात? एक, दोन की तीन? एक म्हणजे जपून, हळू, सौम्य उतारावर जाणारे. तीन म्हणजे वेगाने आणि तीव्र उतारावर जाणारे. आणि दोन म्हणजे जे एकमध्ये बसत नाहीत आणि तीनमध्येही बसत नाहीत, ते. दोनची याहून वेगळी व्याख्या तिथे दिलेली नाही.

हा प्रश्न ओळख वाढवण्यासाठी विचारलेला नसतो. उत्तरावरून पुढे एक स्क्रू फिरवला जातो. बूट स्कीला ज्या कुलपाने जखडलेला असतो त्याला बाइंडिंग म्हणतात. पडताना स्की पायाला तशीच चिकटून राहिली तर पाच फुटांची ती पट्टी तरफेसारखी पाय पिरगाळते. म्हणून ठरावीक जोर आला की बाइंडिंगने बूट सोडून द्यायचा असतो. किती जोर आल्यावर सोडायचा तो आकडा या फॉर्मवरून निघतो. तीन लिहिलं की आकडा वर जातो, एक लिहिलं की खाली येतो. पन्नाशी गाठलेल्यांसाठी तक्ता स्वतःहून एक पायरी खाली उतरतो. मी बावन्न वर्षांची आहे, म्हणजे ती पायरी माझ्यासाठी तक्त्यानेच उतरून ठेवलेली आहे. फुशारकी मारून तीन लिहिलं तर पडल्यावर स्की सुटणार नाही आणि हाड मोडेल. भिडेपोटी एक लिहिलं तर चांगलं वळण घेत असतानाच स्की निसटेल आणि तोंडावर पडायला होईल. खोटं दोन्ही बाजूंनी महाग पडतं.

येत्या जानेवारीत मी सहा दिवस आल्प्समध्ये स्कीइंग करणार आहे. गेले काही महिने पुंडलिकनगरातल्या आमच्या घरात त्याची आखणी चालू आहे, आणि आखणी जसजशी पुढे सरकते आहे तसतसं माझ्या लक्षात येतंय, की नकाशा, तारखा, विमा, चढउतार हे सगळे प्रश्न शेवटी त्या फॉर्मवरच्या एकाच प्रश्नाशी येऊन थांबतात. तुम्ही नेमक्या किती येता?

आपल्याकडे पोहता येतं का, गाडी येते का, इंग्रजी येतं का, या प्रश्नांना 'येतं' आणि 'नाही येत' अशी दोनच उत्तरं असतात. गाण्याच्या परीक्षांमध्ये प्रवेशिका आणि विशारद यांच्यामध्ये मध्यमा असते, पण दारावरच्या पाटीवर लोक विशारद लिहितात, मध्यमा लिहिलेली पाटी मी पाहिलेली नाही. इंटरमीजिएट हा शब्द तर आपल्याला चित्रकलेच्या सरकारी परीक्षेमुळे माहीत. आधी एलिमेंटरी, मग इंटरमीजिएट. माझ्या वर्गातल्या बहुतेकांसाठी ती मधली परीक्षाच शेवटची ठरली. त्यानंतर रंगाची पेटी माळ्यावर गेली. मधलं म्हणजे पुढे कुठेतरी जायच्या वाटेवरचं, असं आपण धरून चालतो. तिथेच मुक्काम करणारीही माणसं असतात, त्यांच्यासाठी आपल्याकडे फारसे शब्द नाहीत.

मी पहिल्यांदा स्कीवर उभी राहिले ती २०१४ च्या फेब्रुवारीत, औलीला, चाळिसाव्या वर्षी. गढवाल मंडल विकास निगमचा सात दिवसांचा वर्ग होता. राहणं, जेवण, शिकवणं, स्की-बूट सगळं त्यात धरलेलं, आणि एकूण खर्च सरकारी वर्गाला शोभेल असा. पहिले दोन दिवस फक्त स्नो प्लाऊ. स्कींची पुढची टोकं जवळ, मागची लांब, असा इंग्रजी व्ही उलटा करून उतरायचं म्हणजे वेग आवरतो. प्लाऊ म्हणजे नांगर. माझं माहेर पैठण तालुक्यातलं, शेतकऱ्याचं. नांगर जमिनीत रुतवायला जोर लावावा लागतो हे लहानपणापासून पाहिलेलं होतं, त्यामुळे गुडघे आत वळवून बर्फावर नांगर धरणं मला इतरांपेक्षा लवकर जमलं. अवघड गेलं ते नांगर सोडणं. दोन्ही स्की समांतर ठेवून वळायचं तर वळणाच्या मध्यावर एक क्षण असा येतो, की स्कींची टोकं सरळ दरीकडे असतात आणि धरायला काही नसतं. तो क्षण घाबरून अर्ध्यात सोडला नाही की वळण पूर्ण होतं. नांगर सुटला की एलिमेंटरी संपते आणि इंटरमीजिएट सुरू होते. मला त्याला दोन हिवाळे लागले, औलीनंतर गुलमर्गचा चौदा दिवसांचा वर्ग धरून.

गुलमर्ग हे भारतातलं स्कीइंगचं सगळ्यात जुनं ठिकाण. ब्रिटिशांनी १९२७ मध्ये तिथे स्की क्लब ऑफ इंडिया काढला होता. केंद्र सरकारची भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था तिथेच आहे. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकटा खेळाडू होता तो आरिफ खान, त्याच भागातला. जायंट स्लॅलममध्ये तो पंचेचाळिसावा आला. गुलमर्गचा गोंडोला दोन टप्प्यांत अफरवाटच्या खांद्यावर, जवळजवळ चार हजार मीटरपर्यंत नेऊन सोडतो. वरचा भुसभुशीत, न दाबलेला बर्फ पाहायला जगभरातले पट्टीचे स्कीअर येतात. खाली गावालगत नवख्यांचे छोटे, प्रेमळ उतार आहेत. एकाच डोंगरावर दोन जगं. मात्र खालच्या उतारांचा कंटाळा आलेला आणि वरच्या उतारांची धास्ती असलेला जो माणूस असतो, त्याच्यासाठी मधल्या टप्प्यावर जागा थोडी आहे. औलीचा उतार देखणा, समोर नंदादेवी, पण एका हिवाळ्यात पाठ होऊन जाणारा. शिवाय २०२३ च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचली, तेव्हापासून तिथून औलीला जाणारा रोपवे बंद पडला. बर्फही अलीकडे वेळेवर पडत नाही, त्यापायी स्पर्धा रद्द करायची वेळ आलेली आहे.

आल्प्सचं अर्थकारण उलट आहे. ते मधल्या माणसावर चालतं. शाळेच्या सुट्टीत मुलांना घेऊन येणारा, वर्षातून एकच आठवडा स्कीइंग करणारा, वर्षभर खुर्चीवर बसणारा माणूस हे त्यांचं मुख्य गिऱ्हाईक. इटलीत अशा सुट्टीला 'पांढरा आठवडा' असं नावच आहे. रोज संध्याकाळी लिफ्ट बंद झाल्या की रणगाड्यासारखे पट्टे असलेली यंत्रं डोंगरभर फिरतात आणि दिवसभरात उखणलेला बर्फ दाबून, कॉर्डरॉयच्या कापडासारखा रेघारेघांचा करून ठेवतात. हे रात्रपाळीचं काम पट्टीच्या स्कीअरसाठी चाललेलं नसतं. ते माझ्यासाठी असतं.

उतारांना तिथे रंग असतात. निळा सोपा, लाल मधला, काळा अवघड. फ्रान्समध्ये निळ्याच्या आधी हिरवाही असतो. ऑस्ट्रिया-जर्मनीच्या मापाप्रमाणे निळ्याचा उतार २५ टक्क्यांपर्यंत, लालचा ४० टक्क्यांपर्यंत, त्यापुढे काळा. मधला एखादा तुकडा याहून तीव्र असू शकतो. टक्के म्हणजे अंश नव्हेत. चाळीस टक्के म्हणजे शंभर मीटर आडवं गेल्यावर चाळीस मीटर खाली, साधारण बावीस अंश. अंदाज यावा म्हणून सांगते : बोरघाटात रेल्वेला मागून जादा इंजिनं जोडावी लागतात तो चढ सदतिसाला एक आहे. निळा उतार, ज्याला ते सोपा म्हणतात, चाराला एक असू शकतो.

मी निळ्यावर मजेत असते. लालवर असते, पण विचार करत असते. म्हणजे मी या दोन रंगांच्या मध्ये कुठेतरी आहे. नकाशा वाचताना हेच आधी पाहावं लागतं, कारण रंग उताराचा कोन सांगतो, त्या दिवशीचा बर्फ सांगत नाही. तोच लाल उतार सकाळी नऊला रेघारेघांचा आणि आज्ञाधारक असतो. दुपारी तीनला त्यावर शेकडो लोकांनी ढकललेल्या बर्फाचे उंचवटे झालेले असतात आणि मध्येमध्ये घासून काचेसारखा झालेला टणक बर्फ उघडा पडलेला असतो. उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावर बर्फ कोरडा राहतो, पण सकाळी कडक लागतो. ढगाळ दिवशी झाडांच्या रेषेच्या वर जमीन आणि आकाश एकाच रंगाचं होतं, पायाखाली खड्डा आहे की उंचवटा ते कळत नाही. अशा दिवशी झाडीतून जाणारे उतार धरायचे, झाडांमुळे डोळ्यांना आधार मिळतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गावात परतणारा शेवटचा उतार कोणत्या रंगाचा आहे ते पाहायचं. डोंगरावर सगळं निळं असलं तरी खाली उतरणारी वाट बऱ्याच ठिकाणी लाल किंवा काळी असते. ती घ्यायची वेळ येते तेव्हा दिवस मावळायला आलेला असतो, मांड्या भरून आलेल्या असतात आणि सगळं गाव एकदम त्याच वाटेने घरी निघालेलं असतं. ती वाट टाळून गोंडोलाने खाली येता येतं का, हा प्रश्न हॉटेल ठरवण्याच्या आधी सुटला पाहिजे.

ठिकाण निवडताना नवरा, लेक आणि मी अशी तीन मतं होती. लेक म्युनिकला नोकरी करते. चोविसाव्या वर्षी तिथे गेल्यावर तिने स्की पायात घातल्या आणि दुसऱ्या हिवाळ्यात ती काळ्या उतारांवर होती. मला जे गाठायला दहा वर्षं लागली ते तिने एका हिवाळ्यात मागे टाकलं. याचा मला आनंद आहे, आणि आनंदाच्या खाली आणखी काहीतरी आहे, ज्याला हेवा म्हणणं जरा जास्त होईल. नवरा स्कीइंग करत नाही. त्याला चालायला वाटा, बसायला ऊन आणि शाकाहारी जेवण हवं होतं.

झरमॅट यादीत होतं. ३,८८३ मीटरपर्यंत लिफ्ट, समोर मॅटरहॉर्न, गावात पेट्रोलची गाडी नाही. पण स्वित्झर्लंडच्या किमतींनी ते पहिल्याच रविवारी यादीतून गेलं. फ्रान्समधल्या त्रवा व्हालेमध्ये ६०० किलोमीटरचे जोडलेले उतार आहेत, लेकीला ते हवं होतं, म्युनिकहून मात्र लांब. ऑस्ट्रियातली तिरोलची गावं जवळची आणि जिव्हाळ्याची, पण त्यातली बरीचशी कमी उंचीवर, जानेवारीत तिथे पाऊसही पडू शकतो. शेवटी सगळी मतं इटलीतल्या डोलोमाइट्सवर जुळली. म्युनिकहून ब्रेनर खिंडीतून जाणारी रेल्वे बोल्झानोला नेते, पुढे बस. नवऱ्याला पोलेंटा आणि पालकाच्या पुऱ्यांसारखा एक पदार्थ सापडला. मला सापडलं सेला रोंदा.

सेला नावाचा एक प्रचंड खडक आहे, माथा सपाट, कडे सरळसोट, आपल्या देवगिरीचा कातळ शंभरपट वाढवावा तसा. त्याच्या भोवती चार खोरी आणि चार खिंडी. स्की आणि लिफ्ट यांच्या साहाय्याने एका दिवसात या खडकाची पूर्ण फेरी मारता येते. साधारण चाळीस किलोमीटर, त्यातले सुमारे २६ स्कीवर आणि उरलेले लिफ्टमध्ये बसून. फेरीचा बहुतेक भाग निळा आणि लाल आहे. दोन्ही दिशांनी जाता येतं. हिरवे बाण घड्याळाच्या उलट नेतात, नारिंगी बाण घड्याळाच्या दिशेने. म्हणजे नारिंगी दिशा ही प्रदक्षिणेची दिशा, देव उजव्या हाताला. हे मी नवऱ्याला दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "मग तुला जाणं भागच आहे." आम्ही राहणार ते सेल्वा गाव पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेलं. इटालियन पाटीवर ते सेल्वा, जर्मन पाटीवर वोल्केनश्टाइन, आणि खोऱ्याची मूळ भाषा लदीन, ती आणखी तिसरी. दोन नावांच्या गावात राहायची आम्हाला सवय आहे.

सेला रोंदा मधल्या माणसासाठीच बनवल्यासारखी आहे, आणि मधल्या माणसाची खरी परीक्षाही तीच घेते. एकेकटा उतार अवघड नाही. पण फेरी गोल आहे. अर्ध्यावर दमलं तर परत फिरणं आणि पुढे जाणं सारखंच लांब. वारा वाढला की खिंडीवरची लिफ्ट बंद होते. साडेतीनच्या सुमाराला शेवटची खिंड ओलांडलेली नसेल तर आपल्या खोऱ्यात परतायला घाटरस्त्याने टॅक्सी करावी लागते. म्हणून आमच्या आखणीत पहिले दोन दिवस सेल्वाच्या आसपास, तिसऱ्या दिवशी फक्त गार्डेना खिंड ओलांडून कोर्व्हारापर्यंत आणि परत, आणि चौथ्या दिवशी, बुधवारी, पूर्ण फेरी. बुधवारी वारा असला तर गुरुवार राखीव. पाचवा-सहावा दिवस लेकीचा, तिने अराब्बाच्या कडक उतारांवर जावं आणि मी नवऱ्याबरोबर ऊन खावं.

तारखाही अशाच निघाल्या. नाताळ ते सहा जानेवारी गर्दी आणि चढे दर. फेब्रुवारीत युरोपातल्या शाळांच्या सुट्ट्या. मधले दोन-तीन आठवडे, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या आसपासचे, स्वस्त आणि मोकळे. थंडी कडक असते आणि दिवस लहान, पण लिफ्टला रांग नसते. शेजारच्या वहिनींनी विचारलं, "म्हणजे हळदीकुंकू नाही का यंदा?" मी म्हटलं, रथसप्तमीपर्यंत करता येतं, मी त्याआधी परतते. त्या म्हणाल्या, "आणि बर्फ तर काश्मीरलाही आहे की." आहे. तिथलाच बर्फ मला इथवर घेऊन आला, हे त्यांना पायऱ्यांवर उभ्याउभ्या सांगणं जमलं नाही.

खर्चाचं फार लिहीत नाही. सहा दिवसांचा लिफ्टचा पास माणशी चारशे युरोच्या आसपास, शेंगेन व्हिसाचे नव्वद युरो, ही पक्की रक्कम. व्हिसासाठी लागतो तो किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा. पण तो घेतला म्हणजे झालं असं नाही. साध्या प्रवास विम्याच्या बारीक अक्षरांत हिवाळी खेळ बऱ्याचदा वगळलेले असतात, ते वेगळे पैसे भरून जोडून घ्यावे लागतात, आणि जोडले तरी आखलेल्या उताराबाहेर गेलं की संरक्षण संपतं. इटलीत २०२२ पासून आणखी एक विमा सक्तीचा आहे : आपल्यामुळे दुसऱ्याला इजा झाली तर त्याच्या भरपाईचा. तो पासाबरोबर रोजच्या थोड्या पैशांत मिळतो. २०२५ च्या हिवाळ्यापासून तिथे हेल्मेटही सगळ्या वयांना सक्तीचं झालं आहे.

गुडघ्याचा विमा मात्र स्वतःच काढावा लागतो. बाइंडिंग नडगी आणि घोटा बऱ्यापैकी वाचवतं, गुडघ्याच्या आतल्या लिगामेंटला तितकं वाचवत नाही. माझ्या डाव्या गुडघ्याची झीज सुरू झाली आहे. डॉक्टरांनी जाऊ नका म्हटलं नाही, मांड्या तयार करून जा म्हटलं. मांड्यांचं काम स्कीइंगमध्ये उतरताना असतं, शरीराचा भार अडवत अडवत खाली येण्याचं. म्हणून दर रविवारी सकाळी मी दौलताबादच्या किल्ल्यावर जाते. लोक तिथे चढायला येतात, मी उतरायला येते. शेकडो पायऱ्या सावकाश, गुडघा वाकवून, कठड्याला हात न लावता. सह्याद्रीत आणि हिमालयात मी तीस वर्षं डोंगर चढले, उतरणं हा त्या दिवसाचा उरलासुरला भाग असायचा. स्कीइंगने मला तो उरलेला भाग मुख्य म्हणून शिकवला. बावन्नाव्या वर्षी हे शिकणं बरंच उपयोगी पडतं.

एक हिशोब राहिला, तो पाण्याचा. डोलोमाइट्समध्ये नैसर्गिक बर्फावर कुणी भरवसा ठेवत नाही. १९८० च्या दशकाच्या शेवटी कोरडे हिवाळे आले तेव्हापासून तिथे उतारांवर बर्फ पाडायची यंत्रं बसली, आणि आज तिथल्या ९० टक्क्यांहून अधिक उतारांवर ती सोय आहे. पाण्याचे बारीक तुषार गोठणबिंदूखालच्या कोरड्या हवेत दाबाने फवारायचे, जमिनीवर पडेपर्यंत ते गोठतात. यासाठी डोंगरावर तळी बांधून पाणी साठवलेलं असतं. एक हेक्टर उतारावर तीस सेंटिमीटर बर्फाचा थर द्यायला सुमारे दहा लाख लिटर पाणी लागतं.

आमच्याकडे नळाला पाणी आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी येतं. ते पुंडलिकनगरच्या टाकीवरून येतं, टाकीत पैठणच्या नाथसागरातून. धरण काठोकाठ भरलेल्या वर्षीही आमचा पाण्याचा वार बदलत नाही, कारण अडचण साठ्यापेक्षा वाहून आणण्याची आहे. नळ चुकला की टँकर. त्यामुळे पाण्याचा कुठलाही आकडा माझ्या डोक्यात आपोआप टँकरमध्ये बदलतो. दहा लाख लिटर म्हणजे पाच हजार लिटरचे दोनशे टँकर. उतार तीस मीटर रुंद धरला तर एका किलोमीटरला तीन हेक्टर, म्हणजे सहाशे टँकर. सेला रोंदाचे २६ किलोमीटर म्हणजे पंधरा हजार सहाशे. मी हा गुणाकार दोनदा केला. आमच्या गल्लीत टँकर आला की हॉर्नच्या पहिल्या आवाजाला बायका पाइप घेऊन बाहेर येतात. पंधरा हजार सहाशे टँकर ओतलेल्या रस्त्यावरून मी घसरत जाणार आहे.

लेकीला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "आई, ते पाणी एप्रिलमध्ये वितळून परत ओढ्यालाच जातं. तिथून ते कुणी तुमच्याकडे पाठवणार नव्हतं." तिचं खरं आहे. थोडं हवेत उडून जातं, बाकीचं परत जातं. खर्च होते ती वीज, आणि माझ्या विमानाचं इंधन, आणि ज्या उबेमुळे बर्फ पडेनासा झाला तिच्यात दोन्हीची भर पडते. नवरा म्हणाला, जायचं नसेल तर नको जाऊ. मला जायचं आहे. वहीत सहलीच्या खर्चाचं जे पान आहे त्याच पानावर, पास आणि व्हिसाच्या खाली, मी तो टँकरचा आकडाही लिहून ठेवला. त्याच्यासमोर रुपयाची रक्कम लिहिता येत नाही. पण पान उघडलं की तो दिसतो, आणि एवढं लिहिल्यावर पुढच्या वर्षी पुन्हा जाऊ असं तोंडातून सहज निघत नाही. हा पांढरा आठवडा एकदाच.

एकदाच म्हटल्यावर आणखी एक गोष्ट सरळ झाली. इतकी वर्षं मी प्रत्येक हिवाळा पुढच्या इयत्तेसाठी धरला होता. आता लाल, मग कधीतरी काळा. आखणी करताना समजलं, की काळा या नकाशात कुठेच नाही. मी टाळला म्हणून नव्हे, मला हव्या असलेल्या फेरीच्या वाटेवर तो लागत नाही म्हणून. माझं स्कीइंग जिथे पोहोचायचं होतं तिथे पोहोचलेलं आहे. गुडघा, वय आणि वर्षातले मोजके दिवस यांचा गुणाकार याहून पुढे जात नाही. फॉर्मवर मी दोनवर खूण केली तेव्हा हात अडखळला नाही.

अडखळलं ते लेकीबरोबरचं बोलणं. फेरीच्या दिवशी पुढे कोण, मागे कोण? तिचं म्हणणं, मी पुढे जाते, वाट दाखवते, तू माझ्या रेषेवरून ये. ऐकायला प्रेमळ आहे, पण मधल्या स्कीअरचे पाय पुढच्याच्या वेगाला बांधले जातात. तो नकळत आपलं वळण सोडून त्याचं वळण घ्यायला जातो आणि तिथेच पडतो. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने १९६७ साली उतारावर वागण्याचे नियम ठरवले, आज ते दहा आहेत. त्यातला तिसरा असा आहे, की मागून येणाऱ्याने आपली वाट अशी निवडावी की पुढच्याला धोका होणार नाही. पुढच्याने सारखं मागे वळून पाहायची गरज नाही. त्याने आपला वेग, आपली वळणं घ्यावीत. जबाबदारी मागच्याची, कारण मागच्याला पुढचा दिसतो.

मी तिला तो नियम वाचून दाखवला. फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग म्हणाली, "म्हणजे मी तुझ्या मागे, तुझ्या वेगाने, दिवसभर?" मी म्हटलं, एक दिवस. ती हसली आणि तयार झाली. ही मुलगी चालायला शिकत होती तेव्हा गच्चीवर मी तिच्या मागे मागे फिरायचे, हे मी बोलले नाही. तिला ते आठवण्यासारखं नाही, आणि मला त्याची परतफेड नको आहे. मला फक्त समोरचा उतार मोकळा हवा आहे.

तर बुधवारी वारा नसला की साडेनऊला निघायचं. सेल्वातून गार्डेना खिंड, कोर्व्हारा, काम्पोलोंगो, अराब्बा, पोर्दोईच्या २,२३९ मीटरवर डबा, मग सेला खिंड आणि घर. डब्यात तिळाच्या वड्या आणि धपाटे, ते थंडीत टिकतात. नारिंगी बाण धरायचे. पुढे मी.